रियाजात ब्रेक कधी, किती आणि कसा? तबल्याच्या क्लासात सतत येणारे प्रश्न

मी तबला शिकवतो, संध्याकाळी पाच ते नऊ, घराच्याच हॉलमधे. दर महिन्याला कोणी ना कोणी निघताना दारात चपला घालता घालता हळूच विचारतं, "सर, चार दिवस नाही बसलो तर चालेल का?" आणि चेहरा असा करतात की घरातली काचेची बरणी फोडलीये. व्हॉट्सॲपवर तेच तेच टाइप करून कंटाळलो म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. लिहिलंय तबल्याचं, पण पेटी, सतार, गिटार, कीबोर्डवाल्यांनाही बरंचसं लागू पडेल.

ब्रेक घेतला की हात जातो ना?

एवढ्या पटकन नाही जात हो. आधी जाते ती तयारी, म्हणजे स्पीड आणि दम. चौगुणीत (चौपट लयीत) रेला, म्हणजे जलद बोलांची सलग धार, दोन मिनिटं टिकवता येत होता तो पंधरा दिवसांनी पाऊण मिनिटात गळपटतो, खांदा भरून येतो. पण निकास, म्हणजे कुठलं बोट कुठे पडायचं, चाट (तबल्याची कड) कुठून काढायची, ते नीट शिकलेलं असेल तर महिना गेला तरी राहतं. तीन-चार दिवसांनी तर काहीच होत नाही, उलट बऱ्याच वेळा हात हलका झालेला असतो आणि मुलं येऊन सांगतात की सर, न वाजवता सुधारलं! सुधारलं न वाजवता नाही, आधी वाजवलं होतं म्हणून. हे लक्षात ठेवा, कारण खाली जे जे लिहिलंय त्यात आधी काहीतरी मनापासून घासलेलं आहे हे धरूनच चाललोय.

एका बैठकीत किती वेळ वाजवायचं आणि कधी थांबायचं?

घड्याळाचं सांगायचं तर लहान मुलांना पंधरा मिनिटं, मोठ्यांना पंचवीस ते चाळीस, मग पाच-दहा मिनिटं उठायचं. विशारद या वरच्या परीक्षेच्या पुढचे एका दमात तासभर बसू शकतात. पण माझ्या मते घड्याळापेक्षा कान बरा. एक खूण सांगतो, चूक एकाच जागी तिसऱ्यांदा झाली की थांबा. चौथ्यांदा वाजवलं की तुम्ही कायदा (ठराविक बोलांची रचना, जी पलटे करत वाढवतात) घासत नाही, चूक घासताय, आणि हाताला काय हो, तो चूकही तेवढ्याच प्रामाणिकपणे पाठ करतो.

आमच्याकडे नववीतली एक मुलगी आहे. "धाधा तिट धाधा तिना" छान वाजवायची, पण पलट्यात (त्याच बोलांच्या उलटसुलट मांडणीत) तिरकिट आलं की 'र' गिळायची. आमच्याकडे 'ति'ला मधलं बोट, 'र'ला तर्जनी, 'कि' डाव्या हाताच्या डग्ग्यावर, 'ट'ला परत मधलं बोट. तर तिची तर्जनी शाईवर (मधल्या काळ्या भागावर) पडायची पण आवाजच नाही, नुसता स्पर्श, आणि दर वेळी 'र' आला की उजवा खांदा कानाकडे चाललेला. वीस मिनिटं झाली, खांदा वर वर. म्हटलं ऊठ, गॅलरीत जा आणि कबुतरं हाकलून ये. ती गेली, पाणी प्यायली, तिथल्या कुंडीतल्या तुळशीशी काहीतरी चाळा केला, पाच-सात मिनिटांनी परत येऊन बसली आणि पहिल्याच आवर्तनात (तालाच्या एका फेऱ्यात) चारही अक्षरं स्वच्छ, खांदा जागेवर. मी म्हटलं बास, आता घरी. "सर, आत्ता तर जमलं!" म्हटलं म्हणूनच जा. पुढच्या क्लासला आली तेव्हा पहिल्या दोन आवर्तनांत अडखळली, तिसऱ्याला आलं. जादू वगैरे काही नाही, पण आदल्या वेळी वीस मिनिटांत जे नव्हतं ते आता तिसऱ्या आवर्तनाला होतं.

कायद्याच्या मधे दहा-पंधरा सेकंद थांबून काय होणार आहे?

हा प्रश्न मलाही पडायचा. अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थच्या संशोधकांनी २०१९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात लोकांना डाव्या हाताने ४-१-३-२-४ असे आकडे कीबोर्डवर पटापट दाबायला लावले, १० सेकंद टाइप करायचं, १० सेकंद गप्प बसायचं, असं ३६ वेळा. बघितलं तर सुरुवातीची बरीचशी वाढ टाइप करताना नाही तर गप्प बसलेल्या १० सेकंदांत होत होती, म्हणजे थांबले त्यापेक्षा पुन्हा सुरू केल्यावर स्पीड जास्त. मग २०२१ मधे त्यांनीच दाखवलं की त्या थांबलेल्या वेळात मेंदू तोच क्रम साधारण २० पट वेगाने स्वतःशी पुन्हा पुन्हा चालवतो. आपण हात मांडीवर ठेवून बसलोय आणि आत लेहरा (तालासोबत फिरत राहणारी सुरावट) चालूच!

आता दुसरी बाजूही सांगतो नाहीतर म्हणाल सर एकच बाजू सांगतात. नंतरच्या काही संशोधकांनी म्हटलंय की यातली वाढ ही शिकण्याची कमी आणि दमलेली बोटं ताजी होण्याची जास्त असू शकते, सलग सराव करणारेही शेवटी तिथेच पोचतात. वाद चालू आहे, चालू दे. ताजी बोटं मिळाली तरी माझं काम झालं, कारण दमलेल्या बोटांनी काढलेला तिरकिट हा तिरकिट नसतोच. म्हणून नवीन बोल घेताना चार आवर्तनं वाजवा, दोन आवर्तनं हात खाली आणि नुसता लेहरा ऐका, मग पुन्हा चार. लेहऱ्याचं ॲप बंद करू नका, लय चालू राहू दे.

रात्री जमलं नाही आणि सकाळी आपोआप जमलं, असं खरंच होतं का?

होतं. आणि फक्त आपल्यालाच होतं असं नाही. २००२ साली अशाच बोटांच्या क्रमावर एक अभ्यास झाला होता, सकाळी शिकून दिवसभर जागं राहिलेल्यांच्या स्पीडमधे विशेष फरक नाही, पण मधे रात्रीची झोप झाली की साधारण २० टक्के स्पीड वाढलेला, तोही एकदाही जास्तीचा सराव न करता. वाद्य वाजवणाऱ्या विद्यार्थ्यांवर कीबोर्डच्या छोट्या सुरावटी घेऊन असे प्रयोग झाले, त्यातही रात्र मधे गेल्याने अचूकपणा वाढलेला दिसला.

यातून एक साधी गोष्ट मी करायला लागलो. नवीन, अवघड, डोकं खाणारं जे काही आहे ते संध्याकाळी किंवा रात्री थोडंसंच घ्यायचं, पंधरा मिनिटं, हळू लयीत, आणि झोपायचं. सकाळी उठून तेच आधी. शेजारी ओरडतात म्हणून रात्री वाजवता येत नसेल तर डग्ग्यावर टॉवेल टाका, किंवा सरळ उशीवर बोटं चालवा. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत जागून तिहाया (तीनदा वाजवून समेवर येणारे तुकडे) घासणाऱ्यांनो, तुम्ही ज्या झोपेत ती तिहाई पक्की होणार होती तीच झोप उडवून लावताय.

पण थोडं थोडं वाजवलं की काही केल्यासारखंच वाटत नाही!

हा खरा प्रॉब्लेम, आणि याच्यावर माझा एक अत्यंत आवडता किस्सा आहे. ब्रिटनमधे पोस्टातल्या लोकांना पत्रांची वर्गवारी करायला कीबोर्ड शिकवायचा होता. काही जणांना रोज एक तास, काहींना दोन तास, काहींना दोन-दोन तासांच्या दोन बैठका, म्हणजे रोज चार तास. याचे निष्कर्ष १९७८ साली छापून आले. रोज एक तासवाले एकूण सगळ्यात कमी तासांत शिकले, पण दिवस जास्त लागले. चार तासवाल्यांना एकूण तास सगळ्यात जास्त लागले. गंमत पुढेच आहे, सगळ्यात नाराज कोण, तर एक तासवाले! त्यांना वाटत होतं आपण मागे पडतोय.

माझ्या क्लासातही हेच. चार तास बसून घामाघूम झालेला मुलगा खूश असतो, हाताला काही लागलेलं नसलं तरी. आणि रोज चाळीस मिनिटं नीट बसणारी मुलगी सारखी विचारते, सर माझं होतंय ना बरोबर? ब्रेक घेतल्यावर जे अपराधी वाटतं ना, ते वाटू दे, पण त्याला विचारून रियाजाचं टाइमटेबल लावू नका.

मोठे कलाकार तर सात-आठ तास बसायचे. चिल्ला म्हणजे चाळीस दिवस कोंडून घ्यायचे. ते काय मग चुकीचं?

चुकीचं कशाला म्हणू, माझी काय पात्रता. पण चिल्ला कोण करायचं हे बघा. ज्याचा हात वर्षानुवर्षं गुरूसमोर बसून तयार झालाय, निकासात खोट उरलेली नाही, तो गुरूच्या परवानगीने बसायचा. त्यात नुसता हात नव्हता, एकांत होता, मन लावणं होतं. प्रवेशिका पूर्णच्या, म्हणजे सुरुवातीच्या परीक्षेच्या, मुलाने यूट्यूबवर चिल्ल्याची गोष्ट ऐकून दिवाळीच्या सुट्टीत रोज सहा तास बसायचं म्हणजे पोहायला शिकताना पहिल्याच दिवशी धरमतर ते गेटवेला निघण्यासारखं आहे.

आणि तासांचंच बोलायचं तर बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवरचा १९९३ चा तो प्रसिद्ध पेपर, ज्याच्यातून पुढे दहा हजार तास घासलं की तरबेज होतो ही गोष्ट जगभर झाली, त्यात सगळ्यात चांगली मुलं दिवसाला साधारण साडेतीन तास एकट्याने रियाज करत होती. सलग नाही, दीड तासाच्या आतबाहेरच्या बैठका, मधे विश्रांती, आणि दुपारी चक्क झोपत होती, कमी वाजवणाऱ्या मुलांपेक्षा जास्त. दहा हजारचा आकडा सगळ्यांना पाठ आहे, दुपारची झोप मात्र क्लासच्या बोर्डवर कोणीच लिहीत नाही. (आमच्या पुण्यात एक ते चार झोपतात म्हणून हसता ना? घ्या.)

ब्रेकमधे मोबाइल बघितला तर चालेल?

नको. रील्स बघणं म्हणजे ब्रेक नाही, दुसरं काम आहे. कानाला पंधरा वेगवेगळ्या लयी मारल्यावर परत विलंबित तीनतालात बसता येतं का ते स्वतःच करून बघा. पाणी प्या, हात सैल सोडून चकरा मारा, खिडकीतून बघा. चहाला हरकत नाही.

मनगट/बोटं दुखतात. वाजवत राहू की थांबू?

थांबा. आजच. याला दुसरं उत्तर नाही.

माझंच सांगतो. विशारदच्या वर्षी मला धिरधिरचं वेड लागलं होतं. पंज्याचा तो झोका, आत-बाहेर, रोज चार-पाच तास, हळू लय वगैरे काही नाही, पहिल्या मिनिटापासून द्रुत. मनगट ठणकायचं, मी वरून बाम चोळायचो आणि परत बसायचो. एक दिवस आईने लोणच्याची बरणी उघडायला दिली, झाकण फिरवलं आणि डोळ्यांतून पाणीच आलं, बरणी तशीच परत दिली. डॉक्टर, मग फिजिओथेरपी, आणि तीन आठवडे तबल्याला हात लावायचा नाही. मी रडकुंडीला आलेलो. गुरुजी म्हणाले, हाताला बंदी आहे ना, तोंडाला कुठे आहे? तीन आठवडे रोज त्यांच्यासमोर बसून नुसती पढंत, हाताने अलगद टाळी-खाली आणि तोंडाने बोल, आणि धिरधिर तोंडाने म्हणताना कळलं की मला तो बोलच नीट माहीत नव्हता, दुसरा 'धिर' मी लयीत कायम आधी घेत होतो. हातावर पाच महिने जे सापडलं नाही ते तोंडात आठ दिवसांत सापडलं. परत बसलो तेव्हा पहिले चार दिवस स्पीड निम्मा होता पण अक्षर मोत्यासारखं.

गोष्ट सुखान्त झाली म्हणून सांगतोय, सगळ्यांची होत नाही. शुमान हा जर्मन संगीतकार तरुणपणी पियानिस्ट व्हायला निघाला होता, १८३२ च्या सुमारास उजव्या हाताची बोटं कामातून गेली आणि ते स्वप्न संपलं. बोटांचा व्यायाम करायचं यंत्र वापरायचा म्हणतात, नेमकं कारण काय यावर अजून वाद आहे. अमेरिकन पियानिस्ट लिऑन फ्लायशर, १९६० च्या दशकात ऐन भरात असताना उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आपोआप आत वळायला लागली. फोकल डिस्टोनिया म्हणतात त्याला, हात दुखत नाही पण ऐकत नाही, आणि एकच हालचाल अति करणं हे त्याच्यामागचं एक कारण मानतात. पुढची तीसेक वर्षं त्यांनी डाव्या हाताच्या रचना वाजवल्या, शिकवलं, ऑर्केस्ट्रा चालवला, आणि उपचारांनंतर १९९० च्या दशकात परत दोन्ही हातांनी वाजवायला लागले. तेव्हा बोटाला मुंग्या आल्यासारखं झालं, बधिर वाटलं, रात्री दुखून जाग आली, की मला नाही, डॉक्टरला फोन करा.

न वाजवता नुसतं मनात वाजवून खरंच उपयोग होतो?

पढंतीचं वर सांगितलंच. त्याला आधारही आहे, १९९५ साली पियानोच्या पाच बोटांच्या व्यायामावर प्रयोग झाला, एक गट पाच दिवस प्रत्यक्ष वाजवत होता, दुसरा नुसता मनात. मनात वाजवणारे पाचव्या दिवशी तिथे पोचले जिथे प्रत्यक्षवाले तिसऱ्या दिवशी होते. म्हणजे बदली म्हणून कमीच, पण लोकलमधे डोंबिवली ते दादर उभं राहून फुकट एवढं मिळतंय तर घ्या की. ओठ हलले तर लोक बघतात, बघू दे.

लांबचा ब्रेक घेऊन कोणी मोठं झालंय का?

कुमार गंधर्व. पण आधीच सांगतो, तो ब्रेक त्यांनी घेतला नव्हता, तो आजाराने लादला होता, त्यामुळे त्याला टिप म्हणून वापरू नका. पोरवयातच नाव झालेलं, मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकलेले, आणि पंचविशीच्या आत क्षयरोग. १९४८ साली हवापालट म्हणून देवासला गेले आणि पाच-सहा वर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडून कानावर काय, तर माळव्यातल्या बायकांची गाणी, रस्त्याने जाणाऱ्या नाथपंथी भजनवाल्यांचे सूर. बरे झाले तेव्हा एक फुप्फुस जवळजवळ निकामी, पूर्वीसारखा लांब दमसास शक्य नाही. मग जे गाणं आलं त्यात छोट्या, टोकदार स्वरवाक्यांची ती त्यांचीच अशी मांडणी, लोकधुनांमधून उभे केलेले धुनउगम राग, निर्गुणी भजनं. गळा बंद होता, कान नव्हता. मला वाटतं त्या वर्षांत त्यांनी जेवढं ऐकलं तेवढं कार्यक्रमांच्या धावपळीत ऐकून झालंच नसतं.

उलटं उदाहरण सॅक्सोफोनवाले सॉनी रॉलिन्स. १९५९ ते १९६१ त्यांनी कार्यक्रम बंद केले, लोकांना वाटलं सोडलं, आणि हा माणूस न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग ब्रिजवर जाऊन तासन् तास रियाज करत होता. तेव्हा ब्रेक कशापासून घ्यायचा हेही ठरवा. कधी कधी हात दमलेला नसतोच, ऑर्केस्ट्राच्या ऑर्डरी आणि गणपतीतले लागोपाठ दहा कार्यक्रम यांनी माणूस दमलेला असतो.

मुलाचं दहावीचं वर्ष आहे. वर्षभर बंद करू का?

आई-बाबा, नका करू. क्लास बंद करा हवं तर, माझी फी बुडाली तरी चालेल, पण आठवड्यातून तीनदा पंधरा मिनिटं त्याला बसू द्या. वर्षभर पूर्ण सोडलेल्या मुलांचा हात परत येतो, बसायची सवय परत येत नाही, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता वाईट वाटणंही बंद झालंय.

गाणाऱ्यांसाठी हेच नियम का?

थोडे कडक. मनगट दुखलं की कळतं, गळ्याचं उशिरा कळतं. सर्दी-खोकल्याने आवाज बसला असेल तर रियाज नाही, आणि कुजबुजून बोलणं म्हणजे आराम असं समजू नका, त्यानेही ताण येतो. दोन-तीन आठवडे आवाज घोगरा राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. बाकी तुमच्या गुरूंना विचारा, मी तबलेवाला.

ब्रेक घेतोय की टाळतोय, कसं ओळखायचं?

परत कधी बसणार ते ठरलंय का? "गुरुवारी सकाळी सात" असं उत्तर असेल तर ब्रेक. "बघू" असेल तर टाळाटाळ.

महिनाभराने परत बसतोय, सुरुवात कशी करू?

पहिल्या दिवशी वीस मिनिटं, त्याच्यावर नाही. आपल्या नेहमीच्या लयीच्या निम्म्याने. तोच पहिला शिकलेला कायदा, रेले आठवडाभर नकोत. सगळ्यात मोठी चूक म्हणजे पहिल्याच दिवशी "बघू जातंय का" म्हणून द्रुत लावून बघणं, जात नाही, मग चिडचिड, मग दाबून वाजवणं, मग खांदा. गेलेला स्पीड आठ-दहा दिवसांत स्वतःच्या पायांनी परत येतो. आणि हो, ब्रेकच्या आधीच्या जुन्या वाईट सवयी थोड्या पुसट झालेल्या असतात, त्या मोडायला हीच वेळ चांगली, हळू लयीत आरसा समोर ठेवून बसा.

मे महिन्यात गावाला जातोय, तबला न्यावा का?

एसटीने जाणार असाल तर नको, डग्गा वर रॅकवरून पडलेला मी बघितलाय. पढंतीची वही न्या.

मग घरी तबला ठेवायचा कसा?

पुडीवरची (वरच्या चामड्यावरची) पावडर आणि घाम कोरड्या फडक्याने पुसून घ्या, ओलं फडकं शाईला अजिबात लावायचं नाही. चुंबळीवर सरळ ठेवून वरून जाड कव्हर, खिडकीच्या उन्हात नाही, ओल येणाऱ्या भिंतीला टेकून नाही. कोकणात घर असेल आणि पाऊस सुरू झाला असेल तर दमट हवेने पुडी सैल पडून सूर उतरलेला मिळेल, घाबरू नका, आणि आल्या आल्या हातोडी घेऊन गट्ठे (बाजूचे लाकडी ठोकळे) ठोकत बसू नका. एक दिवस कोरड्या खोलीत राहू दे, मग सुरात घ्या. तेवढा एक दिवस अजून नाही वाजवलं तरी चालतंय.